झिजलेली बटणं

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला वर्कशॉपमध्ये फोन आला. मी टर्नर, लोखंड कातायच्या लेथवर होतो. फोन मालकांनी घेतला, ऐकला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मशीनचा स्विच बंद केला. दुसऱ्याच्या चालत्या मशीनला कोणी हात लावायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. त्यामुळे काहीतरी मोठं झालंय हे मला तेव्हाच कळलं. ते म्हणाले, "टर्नर, हात धुवत बसू नका, तसेच चला."

ही, म्हणजे माझी बायको, टाइपिंगची कामं करायची. कचेऱ्यांच्या रस्त्यावर एका इमारतीत तळमजल्याला खोली होती. एका भिंतीला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या भिंतीला हिचं टेबल. मी पोचलो तेव्हा वरच्या मजल्यावरचे डॉक्टर बघून गेले होते. हिला बाकावर निजवलं होतं. चष्मा कोणीतरी मिटून टेबलावर ठेवला होता. झेरॉक्सवाल्या बाई पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "मान खाली गेली तेव्हा मला वाटलं वही वाचतायत. मी हाक पण मारली नाही हो." धावपळीत कोणाचा तरी पाय अडकून कॉम्प्युटरची वायर निघाली होती. पडद्यावर काही नव्हतं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल मला लिहिता येणार नाही.

तीन आठवड्यांनी मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे बूट करणारे, वय एक्याऐंशी. पण दुकानातल्यासारखे बूट नाहीत. ज्यांचा पाय वाकडा आहे, आखूड आहे, अपघातात अर्धा गेला आहे, अशा माणसांना चालवणारे बूट ते साठ वर्षं करत आले. आपल्याला जे येतं ते सगळं त्यांनी अकरा वह्यांत लिहून काढलं होतं. हे काम शिकवणारी एक संस्था आहे, ती या वह्यांचं पुस्तक करून पोरांना शिकवायचं म्हणत होती. समितीची बैठक वीस दिवसांवर होती आणि समितीला सगळं टाइप केलेलं हवं होतं. त्यातल्या साडेनऊ वह्या हिनं केल्या होत्या.

मास्तरांना चहा दिला. चहा संपला तरी कप हातातच. शेवटी मीच विचारलं, "वह्यांचं काय केलंत?"

"दोन ठिकाणी देऊन बघितल्या. एकानं दुसऱ्या दिवशी परत केल्या. दुसऱ्यानं विचारलं, आजोबा, ही लिपी कुठली?" मास्तर हसले आणि त्यांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला. तो सतत थरथरत असतो. "माझं अक्षर ताईंनाच लागायचं. आता राहू दे म्हटलं, टर्नर. पण घरी जीव लागेना. मी मेलो की यातलं अर्धं माझ्याबरोबर जाणार."

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्हाला टाइप येतं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही वाचा, मी दाबतो."

मुलगी त्या दिवशी आली होती. तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही फोनवर 'बरं' एवढं लिहायला दोन मिनिटं घेता."

"पण बरोबर लिहितो की नाही?"

तिनं हिच्या कामाच्या खोलीतून कॉम्प्युटर आणला आणि जेवायच्या टेबलावर मांडून दिला. मग माउस शोधायला लागली. म्हटलं, शोधू नकोस, हिच्या टेबलावर माउस नव्हताच. पूर्वी होता. मग हिनं त्याची वायर गुंडाळून तो कोणाला तरी देऊन टाकला. मी तेव्हा चेष्टा केली होती, की सगळं जग ज्याच्यावर चाललंय तो उंदीर तू घालवलास. ही म्हणाली होती, "तुम्ही लेथवर प्रत्येक कटला टूल काढून कपाटात ठेवता का? मग मी दर ओळीला हात का उचलू? हात उठला की माझं डोकंही उठतं."

मला ते तेव्हाच पटलं होतं. आमच्या धंद्यात चांगला कारागीर ओळखायचा तर तयार झालेला जॉब बघत नाहीत, हात बघतात. काम कमी आणि हातवारे फार, तो कच्चा. हिचे हात मी वीस वर्षं बघितले. वर्कशॉप सुटलं की मी हिच्या खोलीवर जायचो आणि समोरच्या बाकावर बसून हिचं आटपेपर्यंत वाट बघायचो. पडदा मला दिसायचा नाही, त्याची पाठ माझ्याकडे. दिसायचे ते हात. मनगटं टेबलावरून हलायची नाहीत. डावी करंगळी खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची, दुसरं बोट एक टिचकी मारायचं, करंगळी परत जागेवर. एवढ्यात पडद्यावर काय व्हायचं ते मला कधीच कळलं नाही. पण एक तीळभर हालचाल वाया जात नव्हती, हे कोणीही सांगितलं असतं.

मुलीनं कॉम्प्युटर चालू करून मास्तरांचं फोल्डर उघडलं. "बाप रे, किती फाइली! सगळ्यांचं नाव 'बूट', पुढे तारीख. शेवटची घेऊ, तीच नवी असणार."

फाइल उघडली ती पहिल्या पानावर. पुस्तकाचं नाव, मास्तरांचं नाव. खाली लिहून आलं होतं, एकूण पानं दोनशे सत्त्याऐंशी.

"आता आई कुठपर्यंत आली होती ते शोधायचं," मुलगी म्हणाली आणि खाली जायचं बटण दाबून धरलं. पानं पळायला लागली. मध्ये आकृत्यांसाठी मोकळ्या जागा, पुढचं-मागचं काही लक्षात येईना. शिवाय ही मास्तरांच्या वह्या क्रमानं करत नव्हती. कधी चौथीत भर घाल, कधी सातवीत, असं त्यांचं चालायचं.

मी कीबोर्ड पुढे ओढला. लेथचं हँडल बघून कामगार घाईचा की सावकाश, डावखुरा की उजवा, हे मी सांगू शकतो. जिथं झीज, तिथं काम. अक्षरांची बटणं सगळीच पुसली होती, त्यातून काही कळत नव्हतं. पण डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल मधोमध खोलगट झालं होतं आणि उजवीकडचं कंट्रोल नवंकोरं होतं. सगळ्यात वरच्या रांगेत एफची बारा बटणं असतात. त्यांतली तिसरं, पाचवं आणि बारावं गुळगुळीत होती. बाकीच्यांवर धुळीचा थर.

"पाचवं कशाचं गं?"

"मला काय माहीत? आम्ही कोणी ती वरची वापरतच नाही."

मग मला सकाळ आठवली. सुट्टीच्या दिवशी मी हिला सोडायला जायचो. ही बसायची, चष्मा लावायची, फाइल उघडायची. मग डावी करंगळी शिफ्टवर आणि उजवा हात वरच्या रांगेत एकदाच. आणि म्हणायची, "हं, इथं होते."

मी शिफ्ट धरलं आणि पाचवं बटण दाबलं.

पडदा एकदम बदलला. पान दोनशे एकसष्ट. मधल्या एका परिच्छेदात रेघ लुकलुकत होती आणि तिच्या आधी लिहिलं होतं: 'टाचेचा आतला कोपरा दोन मिलिमीटर'. वाक्य तिथंच तुटलं होतं; त्यापुढची पानं दुसऱ्या वह्यांची होती.

मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ती म्हणाली, "वायर निघाली होती ना त्या दिवशी? म्हणजे अर्ध्या वाक्यावरसुद्धा आईनं सेव्ह केलं होतं."

ती टिचकी. करंगळी कोपऱ्यात, दुसरं बोट एकदा. दर ओळीला एक, कधी ओळीत दोन. मला इतकी वर्षं वाटायचं की तो हिच्या बोटाचा चाळा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दहाला यायचे आणि एकपर्यंत बसायचे. ते वहीतून वाचायचे, मी दाबायचो. त्यांच्या पायातले बूट त्यांनीच केलेले, जिना चढताना आवाज म्हणून यायचा नाही. पहिलं काम ते अर्धं वाक्य. "जास्त ठेवावा, कारण घोटा आत कलतो." एवढं लिहायला मला सहा मिनिटं लागली.

"टर्नर," मास्तर म्हणाले, "कोंबडीसुद्धा याच्यापेक्षा लवकर दाणे टिपते."

"कोंबडीला घोटा लिहावा लागत नाही."

पण आम्हाला एक गोष्ट सापडली. मी हिचे हात बघितले होते, पडदा नाही. मास्तर दर गुरुवारी हिच्या शेजारी बसून पडदा बघायचे, हात नाही. हालचाल मला माहीत होती, तिचा परिणाम त्यांना. दोघांचं जुळवलं की एकेक शॉर्टकट हाती लागायचा.

मास्तर म्हणाले, "माझ्या धंद्यातले लांबलचक शब्द ताई पूर्ण लिहायच्या नाहीत. दोन अक्षरं लिहायच्या, कुठं तरी वर दाबायच्या, आणि 'तळव्याच्या कमानीचा आधार' असं सगळं एकदम पडद्यावर यायचं."

"दोन अक्षरं कुठली?"

"तक, बहुतेक."

मी 'तक' लिहिलं आणि झिजलेलं तिसरं बटण दाबलं. 'तळव्याच्या कमानीचा आधार' आलं. मास्तरांनी टेबलावर थाप मारली. मग आम्ही लहान मुलांसारखे दोन दोन अक्षरं टाकून बघत बसलो. टाउ म्हणजे टाचेची उंची. घोप म्हणजे घोट्याचा पट्टा. चाळीसएक सापडले. ही त्यांच्या धंद्याचा शब्द न् शब्द तीन बोटांच्या कामावर आणून ठेवत होती आणि आमच्याकडे याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

कंट्रोल धरून बाण दाबला तर रेघ एकेक अक्षर न जाता शब्दाशब्दावरून उडी मारते, हे असंच कळलं. कंट्रोल आणि एफ दाबलं तर हवं ते शोधता येतं. मास्तरांचं अक्षर लागलं नाही की ही तिथं तीन फुल्या टाकून पुढं जायची, थांबायची नाही. गुरुवारी मास्तर आले की फुल्या शोधायला लावायची आणि एकेका ठिकाणी जाऊन त्यांना विचारायची. "आणि काय बोलायच्या मला!" मास्तर म्हणाले. "म्हणायच्या, मास्तर, चामडं इतकं सरळ कापता, मग 'र' का सरळ काढत नाही?"

फोनवर मुलीला मी रोज सांगायचो, आज हे सापडलं, आज ते. एकदा ती म्हणाली, "बाबा, मी आठ वर्षं ऑफिसात दिवसभर हेच करते आणि मला यातलं निम्मंही येत नाही. आईला कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, आई काय, टाइपिंग करते."

मला तिला रागवायचं होतं. पण मीही समोरच्या बाकावर वीस वर्षं बसलो होतो आणि एकदाही उठून पलीकडच्या बाजूला गेलो नव्हतो.

राहिलं बारावं बटण. ते मी पहिल्याच दिवशी दाबून बघितलं होतं. एक चौकट आली आणि फाइलचं नाव विचारायला लागली. नाव तर आहे, म्हटलं, आणि चौकट घालवून दिली. हातही आठवत होता, सकाळी आल्या आल्या एकदा बारावं आणि मग थोडं काहीतरी टाइप. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "सकाळचं मला काय ठाऊक, मी दुपारी जायचो." तो विषय तिथंच राहिला.

बारा दिवसांत एकतीस पानं झाली. माझा वेग वाढत होता, रोज जरा जास्त. तेराव्या दिवशी दहावी वही संपणार होती आणि अकरावीला सात दिवस मिळणार होते. दोन्ही वेळ बसलो तर जमेल, असं आम्हा दोघांना वाटायला लागलं होतं.

तेराव्या दिवशी वहीची शेवटची दोन पानं उरली होती. माझी करंगळी कंट्रोलवर गेली, दुसरं बोट एसवर जायचं ते शेजारच्या एवर पडलं. माझी बोटं लेथवरची आहेत, हिच्या बोटाच्या दुप्पट जाड. पडद्यावरचं सगळं लिखाण काळं झालं.

"अहो, हे काय काळं झालं?" मास्तर म्हणाले.

मला वाटलं पडद्यात बिघाड आहे. मी पुढचं बटण दाबलं, शब्दांमधली मोकळी जागा सोडायचं. काळं गेलं आणि त्याच्याबरोबर सगळंच गेलं. पांढरा कागद आणि लुकलुकणारी रेघ. मी घाबरलो. घाबरलो की सेव्ह करायचं, एवढं अंगवळणी पडलं होतं. ते केलं. आणि मग टेबलाखाली वाकून वायर उपटली.

लेथवर काही वेडंवाकडं झालं तर आधी मेन स्विच. विचार नंतर. चाळीस वर्षांत या सवयीनं माझी दहाही बोटं शाबूत ठेवली आहेत.

परत चालू केलं. फाइल होती. पान एक. आत काही नव्हतं.

मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, नुसतं कंट्रोल झेड दाबलं असतं तर सगळं परत आलं असतं. सेव्ह केल्यावरसुद्धा आलं असतं. वायर का काढलीत?"

"सवय."

"अहो, सवय काय..." ती थांबली. मग म्हणाली, "थांबा. त्या फोल्डरमध्ये बाकीच्या फाइली आहेत ना? तारखांच्या? शेवटून दुसरी उघडा."

शेवटून दुसरी सोमवारची होती. उघडली. दोनशे चौऱ्याऐंशी पानं. सगळी जागच्या जागी, फुल्यांसकट.

तेव्हा बारावं बटण कळलं. ही रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्याच फाइलची त्या दिवसाच्या तारखेनं नवी प्रत करायची आणि तिच्यात काम करायची. कालची प्रत हात न लावता मागं राहायची. एका दिवसात काहीही होवो, बुडालं तर एका दिवसाचं काम बुडेल, जास्त नाही. पुस्तक सुरू केल्यापासूनच्या दीडशे प्रती ओळीनं लागल्या होत्या. अशी शिस्त मी फार थोड्या कारागिरांत बघितली आहे, आणि त्यांच्यापुढे आम्ही उठून उभे राहायचो.

मी मात्र बारा दिवस हिच्या मंगळवारच्या प्रतीतच लिहीत गेलो होतो. त्यामुळे माझी एकतीस पानं गेली आणि हिची मंगळवारची तीन पानंही गेली. त्या सकाळी नऊपासूनची. ती मी घालवली.

हे मी मास्तरांना सांगितलं. ते वही मिटून बसले होते.

"चौऱ्याऐंशी आहेत ना? दोनशे चौऱ्याऐंशी?"

"आहेत."

"मग तोंड उचला. तुमचं जे गेलं ते माझ्या वहीत आहे."

"हिचं शेवटचं होतं ते, मास्तर."

मास्तरांनी दहावी वही परत उघडली, मागची पानं चाळली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. "सोमवारी ताई इथं थांबल्या होत्या. पेन्सिलची खूण आहे. घ्या, लिहा. नवीन परिच्छेद."

मी बारावं बटण दाबलं, नाव विचारल्यावर त्या दिवशीची तारीख घातली. मग हिची ती तीन पानं लिहायला घेतली. 'टाचेचा आतला कोपरा दोन मिलिमीटर' आलं तेव्हा मास्तर वाचायचे थांबले. मला पुढचं पाठ होतं. मी लिहिलं, सेव्ह केलं, आणि त्यांना म्हटलं, "पुढं."

सहा दिवस राहिले होते. मास्तर दोनदा यायला लागले, सकाळी आणि दुपारी. माझ्या चुका कमी झाल्या नाहीत, पण कंट्रोल झेड आता माझ्या करंगळीच्या ओळखीचं झालं होतं. पहिल्यांदा जी पानं बारा दिवसांत झाली, ती पाच दिवसांत झाली. सहाव्या दिवशी आम्ही फुल्या शोधल्या. नऊ होत्या. एका ठिकाणी मास्तरांना स्वतःलाच स्वतःचं अक्षर लागेना. तासभर वही उलटी-सुलटी करून म्हणाले, "काढून टाका हा शब्द. ताईंना लागला नाही म्हणजे तो चुकीचाच असणार."

दहा वह्यांची तीन प्रतींत छपाई करून मास्तर विसाव्या दिवशी बैठकीला गेले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दीड तासानं ते आले, काठी टेकत, सावकाश. तोंडावरून काही समजेना.

"काय म्हणाले?"

"दहा घेतल्या. एक जण विचारत होता, टाइप कोणी केलंय, एवढं स्वच्छ काम हल्ली बघायला मिळत नाही. मी ताईंचं नाव सांगितलं. ते पुस्तकात पहिल्या पानावर घालणार आहेत."

"आणि अकरावी?"

"ती लहान मुलांची आहे. वाढत्या पायांची. ते म्हणतात, वर्ग सुरू व्हायला सात आठवडे आहेत, तोवर आली तर पुस्तकात, नाही तर तिच्याशिवाय छापू." मास्तर माझ्या शेजारी बसले. "आणि ती सगळ्यात वाईट अक्षरात लिहिली आहे, टर्नर. हात फार बिघडल्यावरची."

काल आम्ही तिची पहिली नऊ पानं केली. चार ठिकाणी फुल्या पडल्या आहेत आणि अठ्ठावन्न पानं अजून टाइप व्हायची आहेत.